फोटो ट्रंकेत नव्हते: खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण खानापूर तालुक्यातल्या एका गावात घडलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, घरातले काही तपशीलही बदलले आहेत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

मुख्य माणूस म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार. रेजिमेंटचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे आमच्याकडे गल्लीगणिक एखादा तरी फौजी निघतो, आणि निवृत्तीनंतरही गाव त्याला हुद्द्यानेच हाक मारतं. सुभेदारांचं वय पंचाहत्तरीच्या घरात, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. हिंदी फौजेत पक्की झाली. कानडी बाजारात आणि कचेरीत बोलण्यापुरती उत्तम, पण वाचायला वेळ लागतो. इंग्रजीतला फॉर्म भरता येतो, परिच्छेद वाचायचा कंटाळा. बायको काही वर्षांपूर्वी वारली. मुलगा-सून पुण्यात. शेजारच्याच घरात भावाची नात, बेळगावला बीसीए करणारी. फोनचं काही अडलं की सुभेदार तिलाच हाक मारत.

फोन मुलाचा जुना, ६४ जीबीचा. मुलाने नवीन घेतल्यावर हा वडिलांना दिला. देताना सिम बदललं आणि चार्जर दिला. फोनमधलं गुगल खातं मात्र मुलाचंच राहिलं. त्यावर त्या वेळी कुणी विचार केला नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच फिरलं. आमच्या भागातल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे फोन असेच वारशाने उलटे आलेले असतात, मुलाकडून बापाकडे.

सुभेदार या फोनवर काय काय करत? पुण्यातल्या नातवाचे फोटो बघणं, व्हॉट्सॲप, बातम्या, आणि कागदपत्रांचे फोटो काढून ठेवणं. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, शेताचा उतारा, वीजबिल. ग्राम वन केंद्रात (कर्नाटकात सरकारी कामं गावातच करून देणारं केंद्र) किंवा बँकेत गेलं की फाइल न उघडता फोन पुढे करायचा, ही त्यांची पद्धत. व्यवस्थित माणूस.

अडचण कशी उभी राहिली

पावसाळ्याच्या शेवटी फोनवर जागा संपल्याची सूचना यायला लागली. नवीन फोटो उतरेनात. सुभेदारांनी दुकानात जाऊन जादा नेटचं रिचार्ज मारलं. फरक पडला नाही. दुकानदाराने पैसे घेतले आणि नेटचा पॅक चालू झाल्याचं दाखवलं, त्यात त्याची चूक नव्हती. त्यांनी मागितलं तेच त्याने दिलं.

हा गोंधळ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोजचा दीड जीबी डेटा आणि फोनची ६४ जीबी साठवण, दोन्हींचं माप एकच. ‘जीबी संपले’ म्हटल्यावर कुठले, हे कोण सांगणार? रोजचा डेटा रात्री बाराला पुन्हा मिळतो. साठवण आपण रिकामी केल्याशिवाय रिकामी होत नाही, आणि त्या ६४ पैकी बराच भाग फोन स्वतःच्या कामाला वापरतो. ही तीन वाक्यं कुणी त्यांना सांगितली नव्हती.

मग नातीला बोलावणं गेलं. तिने फोन बघितला, गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू केला आणि समजावलं: ‘आजोबा, तुमच्या माळ्यावर ट्रंक आहे ना? घरात अडचण झाली की आपण सामान ट्रंकेत टाकतो. तसं आता तुमचे फोटो क्लाउडमध्ये जातील. फोन हरवला तरी ते सुरक्षित.’ सुभेदारांना पटलं. ट्रंक कुणाला समजत नाही? फौजेची काळी ट्रंक, वर पांढऱ्या अक्षरात नाव आणि नंबर, अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

नात परीक्षेसाठी बेळगावला गेली. फोन भरलेलाच राहिला, कारण बॅकअप म्हणजे दुसरीकडे प्रत ठेवणं. फोनमधली प्रत त्याने हलत नाही. सुभेदारांनी मात्र ट्रंकेच्या हिशेबाने विचार केला. वस्तू ट्रंकेत गेली आहे, खोलीत दिसते ती उरलेली अडगळ. एका दुपारी ते फोटो ॲपमध्ये बसले आणि जुन्यापासून सुरू करून एकेक महिना निवडून कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबत गेले. दर वेळी स्क्रीनवर इंग्रजीत सूचना येत होती, की हे खात्यातून आणि खातं जोडलेल्या इतर फोनांवरूनही जाईल. ती वाचण्याचं त्यांना कारण नव्हतं. सामान तर ट्रंकेत होतं.

दोन दिवसांनी पुण्यात सुनेने नातवाच्या बारशाचे फोटो उघडायला घेतले, तर ते नव्हते. कारण खातं एकच. मुलाला वाटलं खातं हॅक झालं, आणि त्याने पासवर्ड बदलला. अशा शंकेत पासवर्ड बदलणं हे शहाणपणाचंच पाऊल, पण वडिलांच्या फोनमध्ये तेच खातं आहे हे त्याला आठवलं नाही. इकडे सुभेदारांच्या फोनवर पुन्हा साइन इन करा अशी सूचना आली. ती त्यांनी बाजूला सारली. मग फोटो ॲप उघडलं तर समोर फक्त गेल्या दोन दिवसांत काढलेले चार फोटो. पीपीओ नाही, उतारा नाही, नातू नाही.

‘सगळं गेलं की ओ,’ एवढं बोलून ते गावच्या वाचनालयात आमच्या समोर बसले.

त्या वेळी समोर असलेले रस्ते

वाचनालयात संध्याकाळी चार-पाच जण असतातच, आणि फोनची अडचण म्हटली की सगळे तज्ज्ञ होतात. त्या बैठकीत जे पर्याय निघाले ते इथे मांडतो, कारण चुकीचे पर्यायही समजूतदार माणसांनीच सुचवले होते.

मोबाइल दुकानात नेऊन फॉरमॅट मारणे. दुकानदाराने आधीच तसं सांगितलं होतं. फोन त्याने हलका झाला असता, पण व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधले आणि बॅकअप न झालेले फोटो कायमचे गेले असते. गुगल फोटोज व्हॉट्सॲपचं फोल्डर आपण सांगितल्याशिवाय बॅकअपमध्ये घेत नाही, आणि आपल्याकडे नातवंडांचे अर्धे फोटो येतात ते व्हॉट्सॲपवरूनच.

कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावणे. हे एका निवृत्त शिक्षकांनी सुचवलं, अगदी चांगल्या हेतूने. शोधून सापडणाऱ्या अशा नंबरांत खोटे नंबर पेरलेले असतात, आणि पलीकडचा माणूस आधी स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतो, मग ओटीपी मागतो. सुभेदारांच्या त्याच फोनवर पेन्शनच्या बँकेचा एसएमएस येतो. हा रस्ता ताबडतोब बंद केला. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवायचं असतं, हेही तेव्हाच फळ्यावर लिहून टाकलं.

दिवाळीला मुलगा येईपर्यंत थांबणे. सुभेदारांचा कल याकडे होता. पोरगं कामात असतं, त्याला कशाला त्रास? ऐकायला निरुपद्रवी, पण यातच खरा धोका होता. बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो आणि मग कायमचा जातो. बॅकअप न झालेला असेल तर मुदत ३० दिवसांची. दिवाळी दोन महिन्यांच्या आत होती की बाहेर, हे कॅलेंडर काढून बघेपर्यंत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. बघितलं तेव्हा कळलं की अगदी काठावर आहे.

चौथा रस्ता साधा होता. कुणीही काहीही दाबायचं नाही, नातीला फोन लावायचा, आणि ती आल्यावर मुलाला व्हिडिओ कॉल करायचा.

काय केलं

फोन फ्लाइट मोडवर टाकून टेबलावर ठेवला. ‘दाबू नका’ हे ज्येष्ठांना सांगणं सोपं असतं, बाकीच्यांना सांगणं कठीण. तेवढ्यात दोघांनी तो उचलून बघितलाच.

नात शनिवारी आली. तिने पहिल्यांदा विचारलं ते हे: ‘आजोबा, तुम्ही शेवटचं काय केलंत ते मला करून दाखवा.’ काय झालं असं विचारलं असतं तर ‘आपोआप गेलं’ हे उत्तर मिळालं असतं, ते सगळ्यांकडून मिळतं. करून दाखवा म्हटल्यावर सुभेदारांचं बोट कचऱ्याच्या चिन्हाकडे गेलं आणि सगळा उलगडा झाला.

मग पुण्याला कॉल. मुलगा आधी वैतागला. वडिलांनी पुसलं असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. नातीने त्याला त्याच्याच फोनवर ट्रॅश उघडायला सांगितलं. तिथे सगळे होते, बारशाचे आणि उताऱ्याचेही, एकाखाली एक. त्याने ते परत आणले. पीपीओ आणि उताऱ्याचे फोटो वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवले.

पुढचा निर्णय खात्याचा. वडिलांच्या फोनवर पुन्हा मुलाचंच खातं घालायचं, की त्यांचं स्वतःचं काढायचं? मुलाला पहिलं सोयीचं वाटत होतं, पासवर्ड त्याच्याकडे राहतो. नातीने आग्रह धरला की स्वतंत्र खातं हवं, आणि ते सुभेदारांच्याच मोबाइल नंबरावर. एका खात्यावर दोन घरं चालली तर कुणी काय पुसलं याचा पत्ता लागत नाही. शेवटी तेच ठरलं. नातवाचा एक अल्बम मुलाने वडिलांना शेअर केला. तो त्यांना बघता येतो, मुलाचे मूळ फोटो त्यांच्या हातून पुसले जात नाहीत.

जागेचा मूळ प्रश्न सुटला तो दुसरीकडूनच. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ या ठिकाणी कोणत्या गप्पांनी किती जागा खाल्ली याची यादी असते. पाच एमबीपेक्षा मोठे व्हिडिओ आणि अनेकदा फॉरवर्ड झालेले मेसेज तिथे वेगळे काढून दाखवलेले असतात. माजी सैनिकांच्या ग्रुपवरचे परेडचे व्हिडिओ, कीर्तनं आणि शुभ सकाळ यांनी फोन भरला होता. नातवाचे फोटो त्या मानाने चिमूटभर. आपोआप डाउनलोड बंद केलं.

पुन्हा समजावणं

खरं अवघड काम यापुढे होतं. क्लाउड पुन्हा कसा समजवायचा?

वाचनालयाच्या भिंतीवर एक तक्ता होता. संगणकाचे शब्द, शेजारी मराठी प्रतिशब्द आणि एका ओळीत अर्थ. तो कुणी वाचत नव्हतं, आणि त्यात वावगं काही नाही. शब्दाचा अर्थ माहीत नाही म्हणून सुभेदारांचे फोटो गेले नव्हते. माहीत होता म्हणून गेले. शिवाय आमच्याकडच्या वयस्कर माणसांना यातले अनेक शब्द आधीच ठाऊक असतात, खिडकीवर ऐकलेले. आधार लिंक करायचं असतं, केवायसी अपडेट करायची असते, रेशनच्या अंगठ्याच्या वेळी सर्व्हर डाऊन असतो. लिंक आणि अपडेट हे त्यांच्या लेखी सरकारी, न टाळता येणारे शब्द. म्हणून ‘अपडेट करा, लिंक दाबा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला की तोही कचेरीतूनच आल्यासारखा वाटतो. अशा माणसाला व्याख्या सांगण्याआधी विचारायला हवं, ‘तुम्ही हा शब्द कुठे ऐकला?’

नातीने दुसरी उपमा शोधायला घेतली होती. तिला थांबवलं आणि ठरवलं की उपमा नकोच, प्रयोग करू. सुभेदारांच्या फोनने टेबलावरच्या वर्तमानपत्राचा फोटो काढला. बॅकअप होऊ दिला. वाचनालयाच्या संगणकावर त्यांचं नवीन खातं उघडलं, तिथे तो फोटो आला. मग त्यांनी तो फोनवर पुसला. थोड्या वेळाने संगणकाचं पान पुन्हा उघडलं, तर तिथूनही गेलेला. ट्रॅशमधून परत आणला, तर दोन्हीकडे आला. मग जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय वापरला, जो फक्त बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतो. फोनमधली जागा सुटली आणि संगणकावरचा फोटो जागच्या जागी राहिला. शेवटी संगणकावरचं खातं आठवणीने बंद केलं, कारण ते यंत्र सगळ्यांचं आहे.

सुभेदार सगळं बघून म्हणाले, ‘इथं खोडलं की तिथंही खोडलं जातं. मग ह्याला बॅकअप कशाला म्हणायचं?’

नातीकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न रास्त होता. फोन हरवला, पाण्यात पडला, बिघडला, तर ही सोय फोटो वाचवते. मालकानेच पुसला तर वाचवत नाही, फक्त साठ दिवस थांबते. हेच शब्द त्यांच्या वहीत लिहून दिले. त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं: ‘लाल सूचना आली की आधी वाचणे.’

पण वाचणार कुठल्या भाषेत? फोन इंग्रजीत होता. खानापूरच्या दुकानदाराला तो इंग्रजीत किंवा कानडीत असला की सोयीचं. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो तेव्हा स्वतःच्या इंग्रजी स्क्रीनवरची नावं वाचून सांगतो. आमच्याकडे भाषा म्हटली की चर्चा भलतीकडे जाते, पण इथे प्रश्न छोटा होता: पुसण्याआधीची सूचना ज्याला वाचायची आहे, त्याला ती कळायला हवी. फोन मराठीत केला. दुकानदाराने पुढच्या खेपेला कुरकुर केली. मुलाला आता ‘वरून तिसरं’ असं सांगावं लागतं. हा त्रास आहेच, आणि सुभेदारांनी तो जाणूनबुजून पत्करला.

निष्पत्ती

फोटो परत आले. व्हॉट्सॲप फोल्डरमधल्या जुन्या काही गोष्टी मात्र आधीच पुसल्या गेल्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. हयातीच्या दाखल्याच्या वेळी सुभेदार ग्राम वन केंद्रात फोनही घेऊन गेले आणि झेरॉक्सची फाइलही. जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, ही सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही ते काम होतं. त्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा चेहऱ्यावरच भागलं.

वाचनालयातला तक्ता उतरवला. त्या जागी आता महिन्यातून एकदा फेकायच्या फोटोवर, फेकायच्या मेसेजवर हात चालवून बघायची बैठक होते. गर्दी होत नाही. सहा-सात जण येतात, त्यात बायका जास्त, कारण कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज खरा की खोटा हे त्यांना स्वतः ओळखायचं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती फोन देतानाच करता आली असती. फोन वडिलांना देण्याआधी स्वतःचं खातं काढणं, फोन रिकामा करणं, वडिलांच्या नंबरावर नवीन खातं उघडणं. एका संध्याकाळचं काम. फोन देणाऱ्या प्रत्येक मुलाने हे करावं असं मी आता सांगत सुटतो, आणि लोक मान डोलावून विसरतात.

ट्रंकेची उपमा वाईट होती का? माझ्या मते नाही. क्लाउड म्हणजे आपल्या वस्तू दुसरीकडे सुरक्षित, एवढं तिने नीट पोचवलं. कमी पडलं ते हे की ती कुठवर चालते हे कुणी सांगितलं नाही. ‘ट्रंकेसारखं आहे, पण इथे खोलीतलं फेकलं की ट्रंकेतलंही जातं’ एवढं शेपूट जोडलं असतं तर पुढचं टळलं असतं. आणि समजावून झाल्यावर ‘समजलं का?’ याऐवजी ‘आता फोन भरला तर तुम्ही काय कराल?’ असं विचारलं असतं, तर सुभेदारांनी तिथेच सांगितलं असतं की पुसून टाकीन. ‘समजलं का’ला आमच्याकडचा वडीलधारा माणूस हो म्हणतो. पोरीच्या तोंडावर नाही म्हणायला त्याला जड जातं.

मुलाला पासवर्ड बदलण्याआधी, खातं कोणकोणत्या फोनांत उघडं आहे याची यादी बघता आली असती. ती गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर असते. त्यात त्याला स्वतःचा जुना फोन दिसला असता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गुगल फुकट देतं ती जागा १५ जीबी, आणि त्यात मेल, फाइली, फोटो आणि अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप, सगळं मोजलं जातं. सुभेदारांचं नवीन खातं या चालीने भरणार हे नक्की. नातीने महिन्याला पैसे भरून जास्त जागा घ्यायचं सुचवलं. सुभेदारांनी नकार दिला. नातवाचे निवडक फोटो बेळगावात छापून आणायचे आणि बाकीचे जातील तेव्हा जातील, असं त्यांचं ठरलं आहे. नातीला ते पटलेलं नाही.